असेल बाई

‘असेल बाई, तुझंच बरोबर असेल.’

एवढंच म्हणाली आत्या, आणि पन्ह्याचा जग उचलून बाहेरच्या बायकांकडे गेली. यात लागण्यासारखं काही नाही, तरी दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. भांडली असती, ‘तू तेव्हा जन्माला तरी आली होतीस का’ म्हणाली असती, तर बरं झालं असतं. त्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

गोष्ट तीच, दर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला होते ती. नाना, म्हणजे आत्याचे वडील, बडोद्याच्या राजवाड्याच्या खानगी खात्यात नुकते चिकटलेले, सयाजीराव महाराज अचानक दारात, नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘अक्षर चांगलं आहे.’ महाराज गेले ६ फेब्रुवारी १९३९ ला. नानांचं नेमणुकीचं पत्र आमच्याच कपाटात आहे, त्यावर १९४१. तेव्हा हात पडला असलाच तर त्यांच्यामागून गादीवर आलेल्या नातवाचा, प्रतापसिंहरावांचा. तेही मी हळूच म्हटलं, आत्या वाटीत डाळ घालत होती तेव्हा. तिचा चमचा डाळीसकट तसाच वर राहिला. मग वाटी भरली, वर खोबरं-कोथिंबीर घातली, आणि ते वाक्य.

परत येताना रावपुऱ्यात स्कूटर थांबवून हे म्हणाले, ‘गरज होती का?’ म्हणजे घरातही मीच वितंडवादी. महाराजांच्या नावावर कुणी काहीही खपवावं. मी तारीख पाहिली की शंकेखोर. दादानं तेच म्हटलं असतं तर तो अभ्यासू. जाऊ दे. वहिनीनं वळून पाहिलं ते निराळंच, त्यावर आज नको.

रात्री जयराशीभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ वाचायला काढला. शंकेखोरांचा मूळपुरुष, आठव्या-नवव्या शतकातला. याच्यापुढे मी म्हणजे भाबडीच. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात प्रत्यक्ष ज्ञान अव्यभिचारी हवं, चकवणारं नको. हा विचारतो, चकवत नाही हे कळलं कशावरून? इंद्रियांत दोष नाही म्हणाल, तर दोषाचं नसणं डोळ्यांना दिसत नाही. अजून कुणी खोडलेलं नाही म्हणाल, तर खोडणारं कदाचित यायचं असेल. मृगजळ दुरून पाहून माणूस आडवाटेनं निघून गेला तर त्याच्यापुरतं ते जन्मभर पाणीच. प्रत्यक्षाची ही गत, मग ऐकीव गोष्टीला कोण विचारतो! वाचताना दर वेळी होतो तसा आनंद झाला. दुष्ट आनंद, पण आनंद.

आत्याचं मात्र सुटेना. न्यायसूत्रांत आप्ताचा, म्हणजे भरवशाच्या माणसाचा, शब्द हे प्रमाण, ज्ञानाचं साधन आहे, आणि सूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचा आप्त म्हणजे ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जाणली तशी सांगायची ज्याला इच्छा आहे. ऋषी असो, आर्य असो, म्लेच्छ असो, लक्षण एकच. नाना त्यात बसतात. आत्याही खोटं बोलत नाही. नाना नुसतं ‘महाराज’ म्हणाले असतील. बडोद्यातल्या लहान मुलीच्या डोळ्यांपुढे दुसरं कोण येणार? हे मला कळतं. कळून काही फरक पडत नाही, तारीख तीच राहते. मग ती गप्प का झाली याचं मला इतकं काय पडलंय?

आणि या जयराशीचंच घ्या. ‘तत्त्वोपप्लवसिंहा’ची एकुलती एक ताडपत्री पोथी १९२६ साली गुजरातेतल्या पाटणच्या ग्रंथभांडारात सापडली, १९४० मध्ये इथंच, बडोद्याला, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली. संपादक पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख. सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षीच देवी येऊन गेलेली. कुणीतरी वाचून दाखवायचं, त्यांनी ऐकायचं, असाच त्यांचा सगळा अभ्यास. शब्दाचं प्रमाण मोडून काढणारा ग्रंथ त्यांच्यापर्यंत शब्दानंच पोचला. मी पाटणला गेलेली नाही, ते ताडपत्र पाहिलेलं नाही. त्यांनी म्हटलं हा जयराशी, मी मान डोलावली. संपादकांना तारखा विचारल्या नाहीत.

मघापासूनचा राग इथं जरा बसला. हसूही आलं. जयराशी शेवटी म्हणतोच, तत्त्वं सगळी कोसळली तरी व्यवहार चालतात, खोलात न शिरल्यामुळे गोडही वाटतात. गंगेशासारख्या नैयायिकाचा पलटवारही पक्का आहे: शंका काढणाऱ्यालाही धूर हवा असला की तो अग्नीच पेटवतो, भूक लागली की जेवतोच. खरंय. सगळ्यावर शंका घेणारी मी गॅस बंद आहे ना हे रात्री दोनदा उठून पाहते.

हे लिहिता लिहिता फोन वाजला. आत्याच्या नातवाचा मेसेज: शाळेच्या प्रकल्पासाठी पणजोबांची गोष्ट हवी आहे, आजी म्हणाली तारखा तुला विचारायच्या. तिनंच माझं नाव सांगितलं तर! कपाटातून पत्र काढलं, फोटो पाठवला, खाली लिहिलं, खांद्यावरचा हात कुणाचा ते आजीला विचार.

दोन मिनिटांत उत्तर: ‘पण हे पत्र खरं आहे कशावरून?’

घराण्यात आणखी एक निपजला म्हणायचा.