शेवटच्या बसपासून उलट मोजणी: एफ्टेलिंग, फँटाझियालांट आणि युरोपा-पार्कच्या एकल सफरीची तिसरी नोंद

मागील नोंदीत तीन थीम पार्कची नावे ठरली होती आणि बाकी सर्व मोकळे होते. आता क्रम निश्चित झाला आहे: प्रथम नेदरलँड्समधील काट्सहेवल येथील एफ्टेलिंग, नंतर कोलोनजवळच्या ब्रूलमधील फँटाझियालांट आणि अखेरीस जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाजवळचे, रुस्ट गावातील युरोपा-पार्क. सोबत कोणीही नाही आणि मोटारगाडीही नाही. रेल्वे, बस आणि पायी चालणे एवढ्यावरच सात दिवसांत ही तिन्ही ठिकाणे पाहायची आहेत.

हीच तीन ठिकाणे का, हा प्रश्न मला विचारला गेला होता. सार्वजनिक वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले तर पार्कचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. कोपनहेगनचे १८४३ पासून चालू असलेले टिव्होली मध्यवर्ती रेल्वेस्थानकासमोरच आहे, आणि टोकियो डिस्नीलँडला जाणारा प्रवासी माइहामा स्थानकातून बाहेर पडला की प्रवेशद्वाराकडे चालू लागतो. अशा ठिकाणी नियोजन असे फारसे उरतच नाही. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील सीडर पॉइंट आहे. त्याच्या सँडस्की गावात ॲमट्रॅक या तेथील रेल्वेसेवेच्या गाड्या थांबतात खऱ्या, पण रात्री किंवा पहाटेच्या सुमारास. एफ्टेलिंग, फँटाझियालांट आणि युरोपा-पार्क हे तिन्ही या दोहोंच्या मधले आहेत. मुख्य प्रवास रेल्वेने होतो आणि शेवटचा छोटा टप्पा बसने करावा लागतो. एफ्टेलिंगला टिलबर्ग आणि देन बॉश या दोन्ही स्थानकांवरून बस आहे. ब्रूलचे स्थानक कोलोन-बॉन लोहमार्गावर असून तेथून पार्कपर्यंत शटल बस चालते. आणि युरोपा-पार्कसाठी ऑफेनबुर्ग-फ्रायबुर्ग मार्गावरील रिंग्सहाइमला उतरून रुस्टची बस धरावी लागते. माझ्या मते एकट्याने नियोजन शिकण्यासाठी हा मधला प्रकार सर्वांत चांगला, कारण त्यात चूक होण्यासारखी जागा एकच असते आणि ती कोठे आहे हे आधीच ठाऊक असते.

ती जागा म्हणजे परतीची शेवटची बस. दोन वर्षांपूर्वी एका पार्कमध्ये, ज्याचे नाव येथे देत नाही, मी बंद होण्याच्या वेळेवर सगळा दिवस आखला होता. त्या दिवशी पार्कने वेळ दीड तासाने वाढवली, मला अतिशय आनंद झाला, आणि बसचे वेळापत्रक मात्र जसेच्या तसे राहिले. बाहेर आले तेव्हा थांब्यावर कोणी नव्हते. सात किलोमीटर अंधारात, पदपथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने चालत मी स्थानक गाठले. सोबत कोणी असते तर हे अंतर गप्पांत सरले असते; एकटीला ते फार मोठे वाटले. तेव्हापासून मी कागदावर पहिली ओळ पार्क उघडण्याच्या वेळेची लिहीत नाही. प्रथम शेवटची बस, तिच्या वर तिच्या आधीची बस, आणि दिवसाचा शेवट म्हणून त्या आधीच्या बसची वेळ. शेवटची बस ही फक्त राखीव असते. मग तेथून मागे मोजत सकाळपर्यंत यायचे.

उलट मोजताना एक गोष्ट फार उपयोगी पडली. प्रत्येक टप्प्यापुढे मी केवळ प्रवासाचा वेळ लिहीत नाही, तर तो टप्पा चुकला तर किती वेळ जाईल हेही लिहिते. दर पंधरा मिनिटांनी येणारी गाडी चुकली तर पंधरा मिनिटे जातात. तासाला एक असेल तर एक तास. दिवसातील शेवटची असेल तर संपूर्ण रात्र. जेथे चुकण्याची किंमत मोठी आहे तेथेच राखीव वेळ ठेवायचा, सर्वत्र सारखा नाही. पूर्वी मी प्रत्येक बदलीला सरसकट वीस मिनिटे ठेवीत असे, त्यामुळे दिवसाचा चांगला भाग फलाटावरच निघून जाई आणि नेमक्या नाजूक टप्प्याला मात्र वीस मिनिटे अपुरी पडत.

तारखांचे काम सर्वांत जास्त वेळखाऊ ठरले, आणि ते तसे असणे योग्यच होते. जर्मनीत शाळांच्या उन्हाळी सुट्या राज्यानुसार वेगवेगळ्या असतात. ब्रूल ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या तारखा दरवर्षी पुढेमागे सरकतात, तर रुस्टच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याच्या सुट्या साधारणपणे जुलैच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरच्या पूर्वार्धात संपतात. रुस्ट तर फ्रान्सच्या सीमेलगत आहे आणि स्वित्झर्लंडही दूर नाही, त्यामुळे तेथील गर्दीचा अंदाज करताना तीन देशांची दिनदर्शिका समोर ठेवावी लागते. सुरुवातीला मी जूनचा विचार केला होता. पण त्या सुमारास येणारा कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाचा गुरुवार या दोन्ही जर्मन राज्यांत सार्वजनिक सुटी असतो, आणि पुढचा शुक्रवार जोडून घेणारे पुष्कळ असतात. ईस्टरनुसार तो दरवर्षी सरकत असल्याने गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबणेही चालत नाही. शेवटी सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडला: तिन्हीकडच्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि ३ ऑक्टोबरची जर्मन एकीकरण दिनाची सुटी अजून लागलेली नसते. तिन्ही पार्क मंगळवार ते गुरुवार या वारांतच बसावेत यासाठी मधले दिवस प्रवासाला आणि कोलोनमधील मुक्कामाला दिले आहेत.

शाळांचा संबंध केवळ गर्दीशी नाही, हे येथे मुद्दाम नमूद करते. ग्रामीण भागातील कित्येक बस फक्त शाळेच्या दिवशी धावतात आणि वेळापत्रकात त्यांच्यापुढे एखादे बारीक अक्षर किंवा खूण असते. सुटी टाळली म्हणजे पार्कमध्ये जागा मिळते आणि रस्त्यावर बसही जास्त मिळते. दुसरी सावधगिरी लोहमार्गाच्या दुरुस्तीची. जर्मनीत मार्ग बंद असेल तेव्हा रेल्वेऐवजी बस सोडतात, जिला तेथे शीनेनएर्झात्सफेअरकेअर म्हणतात, आणि ती रेल्वेपेक्षा बराच जास्त वेळ घेते. शिवाय युरोपातील रेल्वेचे वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारच्या मध्यरात्री बदलते. माझी सफर त्याच्या बरीच आधी असल्याने हाती असलेले वेळापत्रक त्या अर्थाने चालू वर्षाचेच आहे, तरीही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक टप्पा पुन्हा तपासण्याचे काम यादीत पक्के केले आहे.

तिकिटांबाबत थोडक्यात. नेदरलँड्समध्ये बँकेच्या कार्डानेच चढताना आणि उतरताना नोंद करता येते. उतरतानाची नोंद विसरली तर जादा पैसे कापले जातात, एवढेच लक्षात ठेवायचे. जर्मनीत १ मे २०२३ पासून सुरू झालेले डॉइचलांडटिकेट महिनाभर स्थानिक बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालते, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. म्हणून कोलोन ते ब्रूल, रिंग्सहाइम ते रुस्ट असे सर्व छोटे टप्पे त्यावर, आणि कोलोनहून दक्षिणेकडचा मोठा टप्पा स्वतंत्र आयसीई तिकिटावर असे ठरवले आहे. टिलबर्गहून कोलोनला मात्र आइंडहोवन, फेन्लो आणि म्योन्शेनग्लाडबाख या मार्गाने प्रादेशिक गाड्यांनीच जाणार आहे. बदल्या जास्त आहेत, पण त्या दिवशी पार्क नसल्याने एखादी गाडी चुकली तरी काही बिघडत नाही.

आता एकटेपणाचा लाभ. सिंगल रायडर रांगेबद्दल, म्हणजे रिकामी राहिलेली आसने भरण्यासाठी एकट्यांना वेगळे उभे करणाऱ्या रांगेबद्दल, आपण सगळे बोलतो, पण ती कोठे किती उपयोगी पडेल हे आसनांच्या रचनेवरून आधीच ताडता येते. एफ्टेलिंगच्या जोरिस एन दे द्राक या लाकडी रोलरकोस्टरवर किंवा युरोपा-पार्कच्या वोडानवर प्रत्येक ओळीत दोन आसने असतात. तीन किंवा पाच जणांचा गट आला की एक आसन रिकामे राहते आणि एकट्या प्रवाशाला तेथे बोलावले जाते. युरोपा-पार्कच्याच सिल्व्हर स्टार या रोलरकोस्टरवर एका ओळीत चार आसने आहेत. तेथे दोन-दोनच्या जोड्या नीट बसतात, त्यामुळे मोकळी जागा गट किती विषम आहेत यावर अवलंबून राहते. एफ्टेलिंगच्या, २०१५ मध्ये सुरू झालेल्या बॅरन १८९८ या रोलरकोस्टरवर सहा आसनांच्या तीन ओळी आहेत, आणि ३७.५ मीटरच्या उभ्या उडीपूर्वी कड्यावर थांबलेले असताना पहिल्या ओळीत असणे आणि तिसऱ्या ओळीत असणे यांत पुष्कळ अंतर आहे. सिंगल रायडर रांगेत ओळ निवडता येत नाही आणि कथानक सांगणारी दालनेही अनेकदा वगळली जातात. म्हणून माझा नियम असा: ज्या राइडची उभारणी पाहण्यासारखी आहे तेथे पहिली फेरी नेहमीच्या रांगेतून, पुढच्या फेऱ्या एकट्यांच्या रांगेतून. क्रेडिट, म्हणजे आजवर केलेल्या रोलरकोस्टरच्या मोजणीत एकाची भर, पहिल्या फेरीतच मिळते. पण मी केवळ संख्येसाठी जात नाही.

तोट्यांमध्ये सामान सर्वांत वरचे. बॅग धरून खाली उभे राहणारे कोणी नसते. फँटाझियालांटच्या एफ.एल.वाय. या रोलरकोस्टरवर २०२० मधील उद्घाटनापासून खिसे रिकामे करून सर्व वस्तू लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात, तर इतर ठिकाणी फलाटावरील कप्प्यांवर भागते. कोलोनला तीन रात्रींचा मुक्काम ठेवण्याचे खरे कारण हेच आहे: ब्रूलच्या दिवशी मोठी बॅग खोलीतच राहील. पार्कमध्ये फक्त चेन असलेल्या खिशांचे जाकीट, कार्ड, दूरध्वनी आणि पॉवर बँक. तिकीट, नकाशा, रांगांची वेळ आणि बसचे वेळापत्रक हे सगळे एकाच दूरध्वनीत असल्यामुळे परतीच्या तीन बसच्या वेळा मी कागदावरही लिहून नेते.

दिवसाच्या आतील क्रमाचे दोन निर्णय झाले आहेत. फँटाझियालांटमधील चियापास ही जलराइड दुपारीच, म्हणजे कपडे वाळेपर्यंत गाडीत बसावे लागणार नाही. आणि ११७ किलोमीटर ताशी वेगाची टारोन ही तेथील रोलरकोस्टर सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा, पण शेवटच्या तासात नाही. बंद होण्याच्या क्षणी रांगेत शिरण्याची युक्ती मोटारीने येणाऱ्यांना छान जमते, कारण रांगेतील सर्वांना राइड मिळते. मात्र ती रांग किती वेळ घेईल हे आपल्या हाती नसते आणि बस थांबत नाही. शेवटच्या तासासाठी मी अशी गोष्ट शोधते जी कोणत्याही मिनिटाला सोडून निघता येते. एफ्टेलिंगमध्ये त्यासाठी परीकथांचे वन आहे, ज्याच्यासाठी अंतोन पीक यांनी चित्रे काढली आणि ज्याने १९५२ मध्ये या पार्कची सुरुवात झाली. तेथे मुळात रांग नाही, केवळ पायवाट आहे, आणि संध्याकाळच्या उजेडात ते पाहण्याची माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे.

युरोपा-पार्कचा शेवटचा तास अजून रिकामा आहे. २०२४ मध्ये सुरू झालेली व्होल्ट्रॉन नेव्हेरा ही रोलरकोस्टर मला दोनदा करायची आहे, दुसरी फेरी शक्य तितक्या उशिरा, आणि हे वर लिहिलेल्या नियमाच्या विरुद्ध जाते. रिंग्सहाइमच्या बसच्या सप्टेंबरमधील वेळा एकदा पूर्ण तपासल्या, की शेवटच्या दोन बसमधील अंतर पाहून त्याचा निर्णय करीन. अंतर अर्ध्या तासापेक्षा जास्त निघाले, तर दुसरी फेरी दुपारी चारच्या आत.