कार्डावरची ‘जी’ची रेघ

सिंधुदुर्गातल्या एका बंदराजवळच्या ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. पाऊस परतला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, की आमच्या दाराशी तापाच्या पेशंटची रांग लागते. त्या दिवशीही होती. रांगेत एक तांडेल उभा होता, वय चौतीस-पस्तीस, हाताची बोटं दोरखंडाने घट्टे पडलेली. बरोबर बायको आणि आजी.

तो आला होता ते बायकोच्या हट्टापायी. ताप पाच दिवसांपूर्वी आला आणि त्या पहाटे उतरला. दुपारी बोट सुटायची होती, डिझेल भरून झालं होतं, बर्फ चढवून झाला होता.

“ताप गेलो, ताई. पोटात वायच दुखता तेवढाच. आणि माका दोन वर्सापूर्वी डेंग्यू झालेलो, रिपोर्ट असा घराक. एकदा झालो काय परत होणा नाय.”

हे वाक्य मी हंगामात दहा वेळा ऐकते. लोक ते अगदी विश्वासाने म्हणतात, आणि त्यामागे त्यांचा अनुभवच असतो. त्याच्या आजीचंच बघा. चेहऱ्यावर देवीचे खोल वण. बाकावर बसल्या बसल्या ती मला सांगत होती, “देवी माका सात वर्साची असताना इली. मगे वाडीत सगळ्यांका इली, मी सगळ्यांचा केलंय, माका परत शिवली नाय.” आजी बोलली ते खरंच आहे. देवीतून वाचलेल्या माणसाला सहसा पुन्हा देवी येत नसे, म्हणून घराघरांतून अशाच बायका रोग्यांची सेवा करत.

मी रक्त घेतलं. आमचं डेंग्यूचं रॅपिड कार्ड हातात घेतलं तर एका बाजूला विषाणूच्या प्रथिनाची खिडकी, म्हणजे एनएस-१. दुसऱ्या बाजूला प्रतिपिंडांची, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडींची, तिथे त्यांच्या ‘एम’ आणि ‘जी’ या प्रकारांच्या दोन जागा. थेंब टाकायचा, वरून द्रावण सोडायचं आणि ठरलेली मिनिटं थांबायचं. पांढऱ्या पट्टीवरून गुलाबी ओल वर सरकत जाते. आधी कंट्रोलची रेघ उमटली. मग ‘जी’ची, जाड, गडद, जांभळट. ‘एम’ची उजेडात तिरकं धरून शोधावी लागली.

माझ्या पोटात गोळा आला. पहिल्यांदा डेंग्यू होतो तेव्हा पाचव्या दिवसाच्या सुमारास आधी ‘एम’ दिसायला लागते, ‘जी’ला आणखी बरेच दिवस लागतात. पाचव्याच दिवशी ‘जी’ इतकी ठसठशीत असेल, तर शरीराने हा शत्रू ओळखीचा मानला आहे. म्हणजे तो दोन वर्षांपूर्वीच्या डेंग्यूबद्दल खरंच बोलत होता, आणि आताचाही डेंग्यूच होता. कार्ड काही शेवटचा शब्द नव्हे, पक्क्या निदानासाठी एलायझा नावाच्या चाचणीला नमुना पुढे पाठवावा लागतो. पण त्या घडीला मला तेवढं पुरे होतं.

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लावली. पेशी, म्हणजे प्लेटलेट, ५८,००० आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, ५१. दोन दिवसांपूर्वी त्याने बाहेर केलेला रिपोर्ट पिशवीत होता, त्यात पीसीव्ही ४२. नमुना परत हलवून दुसऱ्यांदा लावला, आकडा तोच. मग काचपट्टी ओढून पेशी डोळ्यांनीही पाहिल्या. खरंच विरळ होत्या.

आमच्याकडे सगळे पेशींच्या आकड्यालाच धरून बसतात. “पेशी किती?” हा पहिला प्रश्न, मग पपईच्या पानांचा रस. मला त्या दिवशी घाबरवलं ते ४२ वरून ५१ ने. पीसीव्ही विसेक टक्क्यांनी चढतो, म्हणजे रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पाझरतंय आणि मागे उरलेलं रक्त घट्ट होतंय. हे पाझरणं सुरू होतं ते नेमकं ताप उतरायच्या सुमारास. पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सगळ्यांत वाईट. माणूस म्हणतो बरं वाटतंय, आणि त्याच वेळी रक्तदाब हळूहळू बसत असतो. हा माणूस दुपारी समुद्रात निघाला होता.

रिपोर्ट छापायची वाट न बघता मी ओपीडीत धावत गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, यकृतावर बोट ठेवताच तो कळवळला. सकाळपासून दोन उलट्याही झाल्या, हे तेव्हा बाहेर आलं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या बायकोने पिशवीतून काढल्या. त्या ब्रुफेन जातीच्या होत्या, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढवणाऱ्या. डॉक्टरांनी त्या बाजूला ठेवल्या, सलाईन मोजून सुरू केलं (कमी चालत नाही, तसं जास्तही चालत नाही) आणि १०८ ला फोन लावला.

गाडी यायला वेळ होता. मी त्याच्या कॉटपाशी गेले तेव्हा तो बोटीवर फोन करून चिडून बोलत होता. आजीने मला विचारलं, “आमका देवी, गोवर एकदाच इली. मगे ह्येका ह्यो दोनदा कसो इलो?”

डेंग्यू हे एका कुळाचं नाव आहे. त्यात चार भाऊ, चार प्रकारचे विषाणू. एक होऊन गेला की त्या प्रकाराची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. बाकीच्या तिघांपासून काही महिनेच संरक्षण मिळतं. आणि नंतर दुसरा भाऊ आला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडं कधीकधी उलटी कामाला येतात. तांडेलाला मी त्याच्याच भाषेत सांगितलं. तू एका माशासाठी जाळं विणलंस. दुसरा मासा त्यात अडकतो खरा, पण मरत नाही, आणि तू त्याला जाळ्यासकट होडीत ओढून घेतोस. विषाणूला चिकटलेल्या प्रतिपिंडाला धरूनच आपल्या पांढऱ्या पेशी त्याला आत घेतात, आणि आत तो जिवंतच असतो, वाढतो. त्याने फोन खाली ठेवला.

क्युबात हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. १९७७ मध्ये तिथे पहिल्या प्रकाराची साथ आली, ती सौम्यच. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला आणि साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण झाले, १५८ माणसं गेली, त्यातली १०१ मुलं. गंभीर झालेल्यांमध्ये आधी एकदा डेंग्यू होऊन गेलेलेच मुख्यतः होते. मग १९९७ मध्ये सांतियागो शहरात दुसरा प्रकार पुन्हा आला, आणि वीस वर्षांपूर्वी पहिला होऊन गेलेली माणसं गंभीर आजारी पडली. शरीर वीस वर्षं काहीच विसरलं नव्हतं.

गोवराचं उलट. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ मध्ये गोवर आला, नंतर थेट १८४६ मध्ये. तेव्हा पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर घरोघर फिरला. साडेसात-पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजारांवर लोक आजारी होते, पण पासष्ट वर्षांपूर्वी गोवर निघालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. गोवराचा विषाणू आपलं रूप फारसं बदलत नाही. फ्ल्यूचा सतत बदलत राहतो, म्हणून तो परत परत होतो. कोविडही असाच पुन्हा झालेला आपण घराघरांत पाहिला. कांजण्यांचा विषाणू तर जातच नाही, मज्जातंतूंत दडून बसतो आणि म्हातारपणी कधीकधी नागीण होऊन बाहेर येतो. म्हणून ‘होऊन गेला’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, काय होऊन गेला?

आजीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. चार भाऊ आहेत, तुझी देवी एकटीच होती, एवढंच. तिने मान हलवली आणि नातवाच्या पायावर हात ठेवून बसून राहिली.

१०८ आली. ओरोसच्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत त्याची नाडी बारीक झाली होती, असं बरोबर गेलेल्या सिस्टरने रात्री सांगितलं. मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी पीसीव्ही ४० वर आला, पेशी आपोआप चढायला लागल्या. पेशींची बाटली त्याला लावावीच लागली नाही.

दरम्यान आशाताई आणि आरोग्यसेवक बंदरावर फिरले. जेट्टीवर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या ताडपत्र्यांत पाणी साचलेलं, थर्माकोलच्या पेट्यांत, जुन्या टायरांत, आणि तांडेलाच्या घरामागे नारळाच्या करवंट्यांत. सगळीकडे वळवळणाऱ्या अळ्या. एका करवंटीतलं पाणी मी बाटलीत भरून आणून लॅबच्या खिडकीत ठेवलं, लोकांना दाखवायला.

तीन आठवड्यांनी तो आला, बराच उतरलेला. “दोन झाले, दोन उरले ना?” असं त्याने विचारलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी इतकं गंभीर होण्याचं प्रमाण कमी असतं, पण ताप आला तर पहिल्याच दिवशी ये, असं मी म्हटलं. त्याच्या केसपेपरवर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘डेंग्यू, दुसऱ्यांदा’. त्याने तो घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, बोटीच्या परवान्याशेजारी.