होई आनहून मी सन: पहाटेचा पिकअप, 'नो-शो' आणि शंकराची देवळं

आधीच सांगते, राग देवळांवर नाहीये. देवळं बघून तर आई गप्पच झाली होती, आणि आमची आई गप्प होणं ही काय चीज आहे ते आमच्या घरच्यांना विचारा. राग आहे तो पहाटेच्या त्या पिकअपवर, आणि दोन महिने झाले तरी गेलेला नाही म्हणून लिहितेय.

मार्चच्या शेवटी व्हिएतनामला गेलो होतो, मी, नवरा आणि आई. होई आनमध्ये चार रात्री. व्हिसा, विमान, होमस्टे सगळं सुरळीत झालं त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. होई आनपासून साधारण ४० किलोमीटरवर मी सन म्हणून चाम राजांनी (मध्य व्हिएतनामचे जुने हिंदू राजे) बांधलेली देवळं आहेत (बरेच जण 'माय सन' म्हणतात, आईने पहिल्यांदा ऐकून 'कोणाचा सन?' विचारलं होतं). २०२० मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथे काम करताना ९व्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं, त्याचा फोटो आईला व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता आणि तिने तो तेव्हापासून जपून ठेवलाय. म्हणजे ट्रिप आमची असली तरी हा एक दिवस तिचा.

देवळांची दारं बहुतेक पूर्वेला आहेत, सकाळचं ऊन समोरून येतं आणि दहानंतर तिथे अक्षरशः भट्टी होते, म्हणून पहाटेची ग्रुप टूर घेतली. अ‍ॅपवरून तिघांचे पैसे आधीच भरले. पिकअप ५ ते ५:३०, हॉटेलच्या दारातून.

पावणेपाचला आम्ही तिघं खाली. आई स्वेटर घालून, कारण 'पहाट आहे'. होमस्टेवाल्या बाईंना आम्ही 'को' म्हणायला शिकलो होतो, म्हणजे आत्या, त्यांनी रात्रीच ब्रेड आणि केळी बांधून ठेवली होती. ५:३० झाले, कोणी नाही. मेसेज टाकला, उत्तर आलं 'ड्रायव्हर ५ मिनिट'. ५:५० ला परत विचारलं, परत 'ड्रायव्हर ५ मिनिट'. सव्वासहाला फोन केला तर कोणी उचलेना. गल्लीतले कोंबडे ओरडून थकले, समोरच्या आजोबांनी अंगण झाडून, झाडांना पाणी घालून, कॉफी पिऊन झाली, उजाडलं, आईने स्वेटर काढला आणि आम्ही आपले प्लास्टिकच्या बुटक्या खुर्च्यांवर गाडीच्या आवाजाकडे कान लावून. आणि मग ६:३५ ला मेसेज, 'गेस्ट नो-शो, नो रिफंड.' म्हणजे पाहुणे आलेच नाहीत, पैसे परत नाहीत.

नो-शो! आम्ही! पावणेपाचपासून!

माझा आवाज चढला तसा नवरा म्हणाला तू थांब मी बोलतो, आणि तो इतकं गोड बोलला की मला त्याचाही राग आला. अर्ध्या तासाने उलगडा झाला की आमच्या होमस्टेच्याच नावाचा दुसरा होमस्टे आहे, तो काम थान्हला, नारळाच्या झावळ्यांमध्ये, गोल टोपलीच्या होड्या असतात त्या बाजूला, आणि आमचा काम चाऊला. ड्रायव्हर तिकडे दहा मिनिटं थांबून निघून गेला होता. बुकिंगमध्ये मी पूर्ण पत्ता टाकला होता हो, पण त्यांनी ड्रायव्हरला नुसतं नाव दिलं. वर म्हणे दहाच्या बसने जा. मार्चमध्ये, दहाच्या बसने, ६८ वर्षांच्या बाईला घेऊन, म्हणजे पोचणार अकराला!

शेवटी को पुढे आल्या. त्यांनी आमच्या हातातला फोन बघितला, काहीतरी पुटपुटल्या (अर्थ कळला नाही पण सूर कळला), भाच्याला फोन लावला आणि पंधरा मिनिटांत गाडी दारात. जाऊन येऊन, तिथे थांबून ७ लाख डोंग. लाख ऐकून दचकू नका, आपले साधारण अडीच हजार, आणि तिघांच्या टूरलाही जवळपास तेवढेच गेले होते. म्हणजे आधीच गाडी केली असती तर पैसे तेवढेच आणि सूर्योदय पण मिळाला असता. तुम्ही दोघंतिघं असाल तर ग्रुप टूरच्या नादी लागूच नका, सरळ मुक्कामाच्या ठिकाणी गाडी विचारा. स्कूटरचा विचार असेल तर एक गोष्ट, आपलं इंटरनॅशनल लायसन्स १९४९ च्या रस्ते वाहतूक करारातलं असतं आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतो, म्हणजे आपलं तिथे चालत नाही, त्यामुळे 'सगळे चालवतात' यावर जाऊ नका.

आठच्या सुमारास पोचलो. तिकीट माणशी दीड लाख डोंग, आत दोनेक किलोमीटर इलेक्ट्रिक गाडी नेते, ती त्यातच येते, चाम नाचाचा कार्यक्रमही त्यातच.

आणि मग ते डोंगरांच्या कुशीतलं लाल विटांचं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने पहिलं देऊळ बांधलं आणि देवाचं नाव ठेवलं भद्रेश्वर, म्हणजे स्वतःचं नाव आणि ईश्वर. ते लाकडी देऊळ जळलं, पुढे शंभुवर्मनने परत बांधलं तेव्हा देव झाला शंभुभद्रेश्वर. आई म्हणाली, 'आपल्याकडे नाही का, देणगी देणाऱ्याचं नाव पायरीवर असतं, तसंच.' १३व्या शतकापर्यंत तिथे बांधकाम चालू होतं. विटांच्या मधे चुना दिसत नाही, मी नख घालून बघितलं, जात नाही. आणि गंमत म्हणजे जुन्या विटा अजून लालभडक, दुरुस्तीतल्या नव्या काही ठिकाणी काळवंडलेल्या, शेवाळलेल्या.

फ्रेंचांनी या देवळांच्या गटांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली तीच अजून चालतात. त्यातलं ए १ हे सगळ्यात मोठं शिखर १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन बॉम्बिंगमध्ये गेलं. बॉम्बचे खड्डे तसेच आहेत, आता गवत उगवलंय. एका खड्ड्याच्या काठावर आई बराच वेळ उभी होती, मग म्हणाली चल, लिंग कुठाय ते दाखव. ए गटातच आहे. आपल्या लोकांनी २०१७ ते २०२२ ए, एच आणि के गटांचं काम केलं. आईने तिथे फोनमधला फोटो काढून शेजारी धरला आणि पडताळून बघितलं, नाणं खरं आहे का बघतात तसं. मग लांबूनच हात जोडले.

जेवायला परत होई आनला. इथे एक शब्द पाठ करा, 'चाय'. म्हणजे चहा नाही, शाकाहारी. आईला पहिल्या दिवशी वाटलं सगळ्या पाट्यांवर चहाच लिहिलाय. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला तिथले बरेच बौद्ध लोक शाकाहार करतात त्यामुळे 'चाय'ची हॉटेलं भरपूर, पण साध्या हॉटेलात भाज्यांवरही नुक माम, म्हणजे माशाचा सॉस, पडतो तेव्हा विचारून घ्या. आम्ही मी क्वांग चाय घेतलं, हळदीच्या पिवळ्या रुंद नूडल्स, वर दाणे आणि कुरकुरीत पापड, रस्सा अगदी तळाला. आणि बान्ह सेओ, तांदळाचं, हळदीचं, आत मोड आलेले मूग, पालेभाजीत गुंडाळून खायचं. आई म्हणे हे तर धिरडं, फक्त जास्त तेलात. दोन खाल्ली. नवऱ्याने काओ लाऊ खाल्लं, डुकराचं मांस घातलेल्या नूडल्स, आईकडे पाठ करून.

रिफंडचं राहिलंच. भारतात आल्यावर फॉर्म भरला तर विचारलं, पिकअपच्या जागी हजर होतात याचा पुरावा? नशीब, नवऱ्याने ५:०२ ला स्वेटरमधल्या आईचा जांभई देतानाचा फोटो काढला होता, मागे होमस्टेची पाटी पूर्ण पत्त्यासकट. तो पाठवला. तेव्हा पाटीसमोर फोटो काढायचाच, वेळेसकट. अठरा दिवसांनी उत्तर आलं, पैसे नाही, व्हाउचर, सहा महिने चालणारं, फक्त होई आन आणि दा नांगच्या टूरसाठी. मी तणतणत होते तर आई विचारते, सहा महिने म्हणजे कधीपर्यंत गं?