गंगेवरून गंगेवर

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, गेली पन्नास वर्षं "गंगेवर जाऊन येते" म्हणून घराबाहेर पडतात आणि तासाभरात मेथीची जुडी घेऊन परत येतात. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंड, भाजीबाजार, बुधवारचा आठवडी बाजार, सगळं "गंगेवर". त्यामुळे मागच्या महिन्यात जेवता जेवता त्या म्हणाल्या, "एकदा मला गंगेवर नेऊन आणा गं," तेव्हा आमचे चिरंजीव ताटावरून न उठताच म्हणाले, "रिक्षा बोलवू का?"

"ही नव्हे. ती तिकडची."

पहिलं नाव अर्थातच काशीचं निघालं. पण काशीला गेलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडून यायचं असतं, आणि आईंनी स्पष्ट सांगितलं की या वयात कारल्याशिवाय त्यांना काही सोडवणार नाही. नवऱ्याला डोंगर हवा होता, चिरंजीवांना राफ्टिंग. तिघांची मागणी एका गावात बसली ती ऋषिकेशला.

एका प्रवासी कंपनीकडे आधी चौकशी केली. त्यांच्या सहलीत ऋषिकेशला तीन तास होते, त्यातला एक जेवणाचा. मग म्हटलं, आपणच वही घेऊन बसू.

सगळ्यात जास्त वेळ गेला तारखेत. यंदाच जायचं हे नक्की, कारण २०२७ मध्ये इकडे आमचा सिंहस्थ आणि तिकडे हरिद्वारचा अर्धकुंभ. गर्दीचं माप नाशिककरांना कुणी सांगायला नको. माझ्या डोक्यात आलं होतं की श्रावण तेवढा टाळायचा, कावडीतून गंगाजल नेणारे कावडीवाले असतात, आणि त्याआधी आषाढात जाऊन यायचं. बरं झालं गेलो नाही. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा सावन लागतो, आपला आषाढ अजून पंधरा दिवस शिल्लक असतो. कावडयात्रा या पंधरवड्यातच होते. म्हणजे इकडे लोक गटारीची तयारी करत असतात तेव्हा तिकडे हरिद्वार-ऋषिकेशचे रस्ते भगव्या कपड्यांनी भरलेले असतात. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद.

मग दिवाळीची सुट्टी. तिथेही एक मेख निघाली. हरिद्वारहून निघणारा गंगेचा मोठा कालवा दरवर्षी दसऱ्याला साफसफाईसाठी बंद करतात आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा सोडतात. त्या दिवसांत तिथल्या हर की पौडी घाटाला पाणी पार खाली गेलेलं असतं. ऋषिकेश वरच्या अंगाला असल्यामुळे तिथे फरक पडत नाही. पण हरिद्वारला उतरल्यावर आईंना पहिलं दर्शन उघड्या दगडगोट्यांचं झालं असतं, आणि ते मला घरी परतेपर्यंत ऐकावं लागलं असतं. म्हणून भाऊबीज उरकून १३ नोव्हेंबरला निघायचं ठरलं. भाऊबीजेला केदारनाथाचं दारही बंद होतं, तेव्हा चारधामच्या गाड्याही कमी झालेल्या असतील.

आता पायऱ्या. आईंचं वय ७२, उजवा गुडघा कुरकुरतो. वणीच्या गडावर ट्रॉली झाल्यापासून चढण्याचं पुण्य आम्ही सोडून दिलंय. ऑफिसातल्या एक बाई गेल्या वर्षी ऋषिकेशला जाऊन आल्या, त्यांना विचारलं, घाटाला पायऱ्या किती? "असतील थोड्याफार." थोड्याफार हे माप आमच्या घरात चालत नाही. शेवटी रात्री भांडी आवरून लोकांचे व्हिडिओ लावायचे, घाट दिसला की थांबवायचे आणि बोट लावून पायऱ्या मोजायच्या, असा उद्योग मी आठवडाभर केला. नवरा म्हणाला, लोक देव बघतात, ही दगड मोजते.

त्यातून निघालं ते असं. आईंचं स्नान त्रिवेणी घाटावर. गावातच आहे, ऐसपैस आहे, संध्याकाळची आरतीही तिथे होते. परमार्थ निकेतन आश्रमाची आरती फोटोत जास्त देखणी दिसते, पण ती पलीकडच्या काठावर. मोटारीला झुल्यांवरून, म्हणजे इथल्या झुलत्या पुलांवरून, जाता येत नाही. पलीकडे न्यायची तर बराज, म्हणजे नदीवरचा बंधारा, ओलांडून चिल्ल्याच्या जंगलातून वळसा. रामझुला किंवा २०२० मध्ये झालेला जानकी सेतू पायीच ओलांडायचा. लक्ष्मणझुला त्याच वर्षी बंद झाला, याचं मला उगाच वाईट वाटलं. शूर्पणखेमुळे लक्ष्मण म्हणजे आमच्या पंचवटीचा माणूस.

म्हणून मुक्काम अलीकडे, मुनी की रेतीला, जानकी सेतूपासून जवळ. गाडी दाराशी येईल आणि एका संध्याकाळी सावकाश पूल ओलांडून परमार्थला जाता येईल. पलीकडच्या गीता भवनात राहायची स्वस्तात सोय होते, आईंचं मन तिकडेच होतं. पण पूल रोज दोनदा चालावा लागेल म्हटल्यावर त्यांनीच नाव काढलं नाही. नीलकंठ महादेवाला गाडी जाते, जंगलातून तासा-दीड तासाचा रस्ता. ते वहीत पक्कं. कुंजापुरीचा सूर्योदय मात्र नवरा आणि मी दोघंच. देवळाला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत हे कळल्यावर आई म्हणाल्या, "सूर्य इथनंही उगवतो."

चौरासी कुटिया माझ्या हट्टाखातर. १९६८ साली बीटल्स जिथे महर्षी महेश योगींकडे येऊन राहिले ती जागा, आता वनखात्याकडे. पडक्या कुट्या, झाडं, भिंतींवर चित्रं. आईंना तिथे काय दाखवायचं हा प्रश्न आहे, पण माकडं असतील.

चिरंजीवांना जूनमध्ये १४ पूर्ण झाली, राफ्टिंगला तेवढीच अट आहे. शिवपुरी ते ऋषिकेश, १६ किलोमीटर. वाटेतल्या एका खळाळाचं नाव 'रिटर्न टू सेंडर' आहे हे त्याने मला मुद्दाम सांगितलं. साभार परत! नवरा बरोबर जाणार आहे, परत आले तर दोघंही येतील.

तिकिटांची खरी गंमत पुढे आहे. रेल्वेचं आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. १३ नोव्हेंबरच्या पंजाब मेलचं, म्हणजे १४ सप्टेंबरला सकाळी आठला. त्याच दिवशी गणेश चतुर्थी. आईंचं तिकीट वेगळं काढायचं, कारण ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ आम्हा सगळ्यांच्या एका तिकिटावर मिळत नाही. तेव्हा एका हाताने मोदकाची उकड आणि दुसऱ्या हाताने मोबाइल. गुरुजींना सांगून ठेवलंय, प्रतिष्ठापना साडेनऊच्या आधी नको. दिल्लीला एक रात्र काढून सकाळच्या शताब्दीने हरिद्वार.

देवघरात आजेसासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे, तोंडाला डाग देऊन बंद केलेला. आईंना तसाच एक भरून आणायचाय. ऋषिकेशहून आलं तरी मावंदं घालावं लागतं का, हे त्या सध्या शेजारणींना विचारत फिरताहेत. उत्तर 'हो' असेल तर किती पानं, तेही. आणि काल नवीनच काढलं: जाताना इथल्या गंगेचं पाणी न्यायचं आणि तिथल्या गंगेत सोडायचं. रामकुंडावरून मी आणेन म्हणाले, तर म्हणाल्या, "तू आणलेलं नको, मी जाईन."

न गळणारी बाटली तेवढी शोधायची आहे.