तुम्ही विचारलंत म्हणून: हो, पुस्तक मीच वाचून दाखवतो

लग्नात विचारलंत, जिन्यात विचारलंत, परवा तर बायकोला फोन करून विचारलंत, की हा स्वतः तोतरा बोलतो, मग पोरीला मोठ्याने पुस्तकं हाच का वाचून दाखवतो, तू का नाही दाखवत? मला कुणी थेट विचारत नाही, उत्तराला फार वेळ लागेल असं वाटत असावं. म्हणून लिहितोय. लिहिताना मी अडत नाही.

माझं भांडण 'प' आणि 'क' या अक्षरांशी. आता इंदौरात राहून ज्याला प म्हणता येत नाही त्याने सकाळी ठेल्यावर मागायचं काय? पोहे अडतात, कचोरी अडते, म्हणून समोर जीरावन मसाला भुरभुरलेल्या पोह्यांचा वाफाळता ढीग बघत मी कॉलेजची सगळी वर्षं "भिया, दो समोसे" करत काढली. शब्द अडला की दुसरा सरकवायचा, ही आमची सगळ्यांची ट्रिक. पुढे पुढे आपल्याला मुळात काय हवं होतं तेच आठवत नाही.

यमकात ही ट्रिक चालत नाही. इथे मराठी चित्रांची पुस्तकं सहज मिळत नाहीत, पुण्याहून कुणी येणार असेल तर मागवायची नाहीतर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर फुकट वाचायची, ती संपली तेव्हा आम्ही घरीच एक केलं. चित्रं बायकोची, शब्द माझे.

हत्ती बसमध्ये बसला,
टायर चिखलात फसला.
कंडक्टर म्हणतो, "उतरा, उतरा!"
हत्ती म्हणतो, "कुठंय कुत्रा?"

कुत्र्याचा क मी मुद्दाम घातला. त्याच्या जागी मांजर म्हणून बघा, साडेतीन वर्षांची पोर पुस्तक बंद करेल. आणि गंमत म्हणजे तिथे क येतो! ताल धरला की येतो, गाताना येतो, कुणाच्या सुरात सूर मिसळून म्हटलं तरी येतो, तोतरं बोलणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं, मी नाटक करत नाही. ताल सुटला की पुन्हा आहेच. पण ती दहा मिनिटं ती मांडीवर, शेवटचा शब्द मी अर्धवट सोडायचा आणि तिने ओरडून पुरा करायचा, शेजारी भिंतीवर थापा मारेपर्यंत. चित्रात सीटखाली कुत्र्याची शेपूट पहिल्या पानापासून आहे, ती तिनेच मला दाखवली, मी महिनाभर नुसते शब्दच वाचत होतो.

आधी मी सगळ्यांना सांगायचो की तिची मराठी सुधारावी म्हणून वाचतो. थाप होती. निदान अर्धी.

आता गेल्या दिवाळीचं. रामबागेत आईकडे जमलो होतो. पोर तेव्हा महिनाभर "बा-बा-बाबा" करायला लागली होती, आमच्या सगळ्यांच्या कानावर होतं, बोलत कुणीच नव्हतं. मी वाचत होतो, ओळी नीट चालल्या होत्या, पण मधे तिला "पान उलट" म्हणायला गेलो आणि प-प-प करत अडकलो, तेवढ्यात आई चकलीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आली आणि माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "तू नको रे वाचूस. सुनेला वाचू दे. हिला लागेल तुझं." आणि पुस्तक फ्रिजवर. वहिनी मोबाइलमध्ये बघायला लागली. मला एवढंच म्हणायचं होतं, पुस्तक दे. पुस्तकाला दुसरा शब्द नाही हो. मी ओठ मिटून उभा, अख्खी खोली वाट बघतेय, आणि खालून पोरीने सुरू केलं, "कंडक्टर म्हणतो, उतरा, उतरा, हत्ती म्हणतो, कुठंय..." आणि थांबली. माझ्यासाठी थांबली. मी तो शब्द म्हटला नाही. गॅलरीत निघून गेलो.

तीन आठवडे वाचलं नाही. मग स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्या म्हणाल्या, ऐकून तोतरेपणा लागत नाही, शंभरातल्या पाचेक मुलांना कधी ना कधी होतो, बहुतेकांचा आपोआप जातो, मोठ्यांमध्ये शंभरात एखाद्याचाच उरतो, आणि हो, घराण्यात असू शकतो. मी हे विजयी मुद्रेने आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्याकडूनच आलं ना!"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचा राग येतो, पण लहानपणी पोरं माझी नक्कल करायची तेव्हा दारात तीच उभी असायची, हेही आठवतं.

पुन्हा वाचतो आता. पोरीचं कधी कमी, कधी जास्त. माझं मात्र त्या दिवाळीपासून यमकातही अडतं, कधी नव्हे ते. परवा "कुठंय"वरच अडकलो, कु-कु-कु, घाम फुटला. ती चित्राकडे बघत म्हणाली, "हत्ती घाबरलाय ना बाबा, म्हणून असं बोलतो. परत तसंच म्हण."

आता तसं म्हणू की नीट म्हणू? विचारायचंच असेल तर हे मला विचारा, बायकोला फोन करू नका.