घरी की घेरी

दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याचं दफ्तर वर्षभर माझ्याकडे वाचायला आहे. वडोद्यात मोडी वाचणारी माणसं आता मोजकीच उरलीत, म्हणून अभ्यासक विचारत विचारत माझ्या दारी येतात. त्या शनिवारी तिघं आली. एक जुन्या पावसाच्या नोंदी जमवणारा, एक आहारशास्त्राची, आणि तिसरी वाड्यांतल्या चाकरांवर पीएच.डी. करणारी. तिघांनाही हवी होती तीच रोजकीर्द, म्हणजे वाड्याच्या रोजच्या जमाखर्चाची वही. जीर्ण कागद तीनदा उलगडणं माझ्या जिवावर येतं, म्हणून एकदमच बोलावलं होतं.

कार्तिकातलं पान. आधी पानभर ओढलेली शिरोरेघ आणि तिला लोंबकळत गेलेली, बोरू न उचलता लिहिलेली अक्षरं. मी वाचलं: ‘कोदरा खादला सबब चाकर चौघे घरी येऊन पडले. वैद्यास दिल्हे आठ आणे.’ आणि पुढच्या ओळीवर गेलेसुद्धा.

“काकू, थांबा,” आहारशास्त्रवाली म्हणाली. “चाकर वाड्यातच राहायचे ना? मग ‘घरी येऊन’ कसे पडतील?”

खिडकीपाशी नेऊन पान तिरकं धरलं, भिंग लावलं. शाई उडालेली होती, पण बोरूचा ओरखडा कागदात राहिला होता. रेघेच्या वर एक मात्रा. घरी नव्हे, घेरी. चौघे घेरी येऊन पडले होते! माझ्या अंगावर काटा आला. वीस वर्षं मोडी वाचतेय, आणि एका मात्रेपायी चार माणसांचं आजारपण मी पुसून टाकणार होते.

त्या मुलीला लगेच उलगडलं. कोद्रा म्हणजे आपल्याकडचा हरीक. धान्य चांगलंच, भरपूर तंतुमय. पण कापणीच्या सुमारास भिजलं की त्यावर बुरशी धरते आणि सायक्लोपियाझोनिक आम्ल नावाचं विष तयार होतं. मग भोवळ, उलट्या, हातपाय थरथरणं. 2024च्या ऑक्टोबरअखेर मध्य प्रदेशातल्या बांधवगडला दहा हत्ती मेले. त्यांच्या नमुन्यांत हेच विष सापडलं होतं.

“भिजलं की?” पाऊसवाल्या मुलाने विचारलं आणि मला मागची पानं उलटायला लावली. दहा दिवस आधीची नोंद मिळाली: इनामाच्या गावात अवेळी पाऊस, खळ्यावरचं धान्य भिजलं. तो कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट न टेकवता, वरच्या वर फिरवत बसला होता.

तिसरी अजून गप्पच होती. मग तिने हळूच विचारलं, “आजारी फक्त चाकरच का पडले?” उत्तर त्याच पानावर खाली होतं. जुने तांदूळ मण दोन, मुदपाकखान्याकडे, म्हणजे वाड्याच्या स्वयंपाकघराकडे. कोद्रा, चाकरांच्या शिध्याकडे. आणि वैद्याला पैसे दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच: चाकरांस शिधा, कोदरा. माझ्याने पुढे वाचवेना. पाणी प्यायला म्हणून उठले.

याच शहरात प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती झाली. सातही कांडं छापून व्हायला 1960 ते 1975 अशी पंधरा वर्षं लागली. अनेक पोथ्या समोर ठेवून श्लोकाश्लोकाचे पाठ जुळवायचे, असं ते काम. आमच्या रोजकीर्दीला दुसरी प्रत नाही. तिचे पाठ जुळवायला ही तीन शास्त्रंच हवीत, हे मला त्या दुपारी पटलं. एकटी असते तर ‘घरी’च लिहून गेले असते.

शकाचा आकडा मात्र वाळवीने खाल्लाय, आणि साल कळल्याशिवाय पावसाची नोंद त्या मुलाच्या कामाची नाही. संध्याकाळी दफ्तर रुमालात परत बांधता बांधता आधीच्या पानांत मला ‘अधिक श्रावण’ दिसला. अधिक श्रावण काही दरवर्षी येत नाही. रात्री त्याला फोन करून सांगितलं, जुनी पंचांगं घेऊन ये, रविवारी बसू.