साखरेची वही

रविवार, रात्री

परवा डॉक्टरांनी माझा रक्ताचा अहवाल आणि माझी वही शेजारीशेजारी ठेवली. वहीत उपाशीपोटीचे आकडे ११८, १२४, १२१ असे शिस्तीत उभे होते. अहवालात एचबीएवनसी ८.९ होते, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर २०० च्या वर. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तात जितकी साखर असेल तितकी ती त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते, त्यामुळे तिथे खाडाखोड करता येत नाही. डॉक्टर रागावले नाहीत. "मशीन बिघडलं असेल का?" एवढेच त्यांनी विचारले, आणि मी लगेच म्हणालो, "हो, बॅटरी जुनी झालीय." बॅटरी मी दिवाळीतच बदलली होती. मला अस्वस्थ करते ते हे, की बोलताना क्षणभर मला ते खरेच वाटले.

सुरुवात मला नेमकी आठवते. भाच्याच्या लग्नानंतरच्या सकाळी यंत्राने २१४ दाखवले. हा आकडा रोजचा नव्हे, जिलब्यांचा आहे, अशी समजूत घालून मी ती ओळ कोरी ठेवली. पुढच्या आठवड्यात १६८ चे १३८ केले. मग बोटाला सुई टोचणेच मागे पडले, आणि तपासणीच्या आदल्या रात्री बसून पंधरा-पंधरा दिवसांच्या नोंदी भरणे सुरू झाले. वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखे दिसावे म्हणून निळे आणि काळे अशी दोन पेने मी वापरत असे. सगळेच आकडे चांगले असले तर संशय येतो, म्हणून मध्येच एखादा १४२ घालत असे.

असे करणारा मी एकटा नाही, हे वाचून कळले. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहींना आकडे साठवून ठेवणारी यंत्रे दिली होती, पण ती आकडे साठवतात हे सांगितले नव्हते. नंतर वह्या ताडून पाहिल्या तेव्हा न केलेल्या तपासण्यांच्या नोंदी सापडल्या आणि नको असलेले आकडे गळालेले दिसले. यात डॉक्टरांना फसवून मिळायचे काय? औषध वाढवायला हवे ते वाढत नाही, एवढेच. माझ्या वहीचा खरा वाचक मीच होतो.

पण दोन पेने वापरण्याची खबरदारी घेणारा माणूस स्वतःच त्या वहीला कसा फसतो? जॉर्ज क्वाट्रोन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोगही १९८४ चाच. निरोगी हृदयाच्या माणसाला व्यायामानंतर अतिगार पाणी जास्त वेळ सोसते, असे ज्या विद्यार्थ्यांना सांगितले, त्यांनी हात पाण्यात जास्त वेळ ठेवला. मुद्दाम ठेवला का, असे विचारल्यावर बहुतेकांनी नाकारले, आणि ज्यांनी नाकारले त्यांनाच आपले हृदय उत्तम असल्याची अधिक खात्री होती. या ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. आपण मन ग्वाही देते असे म्हणतो. पण साक्षीदाराला रोज थोडे थोडे पढवत गेले, तर तो पढवलेलेच प्रामाणिकपणे सांगू लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१६ च्या संशोधनात स्वार्थासाठी पुन्हा पुन्हा खोटे बोलणाऱ्यांच्या मेंदूतल्या अमिग्डालाचा, म्हणजे भावनांशी निगडित भागाचा, प्रतिसाद उत्तरोत्तर मंदावत गेलेला दिसला. १३८ लिहिताना माझा हात अडखळला होता. पुढे तो अडखळला नाही.

आज सकाळी सुई टोचली, १९३ आले. स्वयंपाकघरातून हिने विचारले, "अहो, किती आली?" माझ्या तोंडून "एकशे सव्वीस" निघून गेले, आणि यंत्र तर अजून हातात होते. मी आत जाऊन ते तिच्यापुढे धरले. तिने आकडा वाचला, गॅस बारीक केला आणि बटण दाबत एकेक मागचा आकडा पाहिला. मग वही मागितली.

संध्याकाळी आम्ही दोघे बसलो. ती यंत्रातली तारीख वाचत होती आणि जिथे तपासणीच नाही, तिथे मी वहीतल्या ओळीवर रेघ मारत होतो. तीन महिन्यांत वहीत ८३ नोंदी आहेत, यंत्रात ११ निघाल्या. एका १४२ पुढे माझ्याच अक्षरात लिहिले आहे, "रात्री भात जास्त झाला." त्या दिवशी तपासणी झालेली नाही. तो भात खाल्ल्याचे मात्र मला अजूनही स्पष्ट आठवते.